रात्री आठनंतर नेट का रांगतं?

प्रश्न : मंचरला राहतो. १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. दुपारी वेग छान, रात्री मात्र मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतो. खोडदच्या दुर्बिणीमुळे असं होतं का? २०० चा प्लॅन घेऊ का?

उत्तर : दुर्बिणीला यातून सोडा. ती रेडिओ लहरी टिपते. फायबरमधून प्रकाश जातो. गोम दराच्या रचनेत आहे. घरगुती प्लॅनमधले १०० ही वरची मर्यादा असते, हमी नव्हे. एकच बँडविड्थ अनेक घरांत वाटली जाते, म्हणून तर ती स्वस्त पडते. वरच्यांनी एकदम पाणी घेतलं की कुकडी कालव्याच्या टेलला काय उरतं, हे तुम्हाला सांगायला नको. राखीव वेग हवा तर लीज्ड लाइन. तिचा दर ऐकून विषय मिटेल.

त्यात महिन्याचा दर सपाट. मोठं डाउनलोड पहाटेवर ढकलून कुणाचाच रुपया वाचत नाही, म्हणून रात्री सगळे एकदमच नेटवर येतात. दर बहुतांशी कंपन्याच ठरवतात. मात्र मजकूर पाहून वेगळा दर लावायला दूरसंचार नियामक ट्रायने २०१६ मध्ये बंदी घातली.

२०० चा प्लॅन आत्ताच नको. क्लासला मोजकेच एमबीपीएस लागतात. आधी लॅपटॉपला लॅन केबल जोडून दुपारी आणि रात्री नऊला वेग मोजा. केबलवर ठीक, वायफायवर मंद, तर दोष बहुधा राउटरचा किंवा जाड भिंतींचा. केबलवरही रात्री घसरण दिसली, तर आकड्यांसह तक्रार करा, डॉकेट नंबर घ्या. दाद नाही मिळाली तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. आणि सवलतीच्या मोहानं वर्षाचे पैसे एकदम भरू नका.