धावत्या वस्तूचा मागोवा

चलच्चित्र म्हणजे वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका होय. सेकंदास २५ चित्रे या गतीने ती डोळ्यांपुढून सरकली, म्हणजे पडद्यावरील धावपटू धावू लागतो. पहिल्या चित्रात त्याच्याभोवती चौकट आखून द्यावयाची व पुढील प्रत्येक चित्रात तो कोठे आहे हे संगणकाने सांगावयाचे, यास ‘मागोवा घेणे’ म्हणतात. एका चित्रास मिळणारा अवधी अवघा ४० मिलिसेकंद. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर चौकट मागे राहते आणि धावपटू पुढे निघून जातो.

डीप लर्निंगमधील न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे गणिती जाल, वस्तू ओळखण्यात निष्णात असते. परंतु त्यास आकडेमोड फार करावी लागते. दक्षिण कोरियात तयार झालेले व २०१५ च्या व्हीओटी स्पर्धेत पहिले आलेले एमडीनेट हे जाल प्रत्येक चित्रात २५६ संभाव्य जागा निवडून प्रत्येकीची निराळी परीक्षा करी. शिवाय मागोवा चालू असतानाच ते नव्याने शिकतही असे. उत्तर अचूक येई. पण सेकंदास जेमतेम एक चित्र हातावेगळे होई.

२०१६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील लुका बर्टिनेत्तो व त्यांचे सहकारी यांनी ‘सयामी’ जुळ्या जालाच्या साहाय्याने तीन प्रकारे श्रम वाचविले. पहिला प्रकार असा, की सर्व शिक्षण आधीच उरकावयाचे. मागोवा घेताना शिकावयाचे नाही. दुसरा असा, की १२७×१२७ चित्रबिंदूंच्या नमुन्याची लक्षणे पहिल्या चित्रात एकदाच काढून ठेवावयाची. तिसरा असा, की शोध पूर्वीच्या जागेच्या आसपासच घ्यावयाचा. तो भाग २५५×२५५ बिंदूंचा करून जालातून एकदम जातो आणि १७×१७, म्हणजे २८९ जागांचे गुण एकाच वेळी मिळतात. एकेक दाणा निवडण्याऐवजी धान्य चाळणीतून काढावे, तसेच हे होय. वस्तू लहानमोठी दिसते म्हणून तीन आकारांत शोध घेऊनही, ग्राफिक्स प्रोसेसरवर या जालाने सेकंदास ८६ चित्रे तपासली.

या काटकसरीची किंमतही आहे. धावपटूने पाठ फिरविली, तरी जालाजवळ नमुना राहतो तो पहिल्याच चित्रातला. सारख्या गणवेशाचा दुसरा धावपटू जवळ आला, तर ते फसू शकते. म्हणून कोणते गणित एकदाच करावयाचे आणि कोणते पुनःपुन्हा, याचा विवेक करणे हेच मागोव्याच्या शास्त्रातील खरे कौशल्य होय.