शिवराईची किंमत आणि शिवराईचे मोल



आपल्या आसनगावजवळ माहुलीचा किल्ला उभा आहे. १६३६ साली शहाजीराजांनी ह्याच किल्ल्याच्या आसऱ्याने शत्रूशी झुंज दिली. पुढे त्यांचे पुत्र शिवाजी महाराज ह्यांनी स्वराज्य उभे केले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला. राजा झाला की त्याच्या नावाचे नाणे हवे. महाराजांनी सोन्याचा होन पाडला आणि तांब्याची शिवराई पाडली.

होन आज फार थोडे उरले आहेत. शिवराई मात्र पुष्कळ सापडते. कारण महाराजांच्या मागून छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही शिवराई पडतच राहिली. इंग्रजी अमलाच्या आरंभीही ती बाजारात चालत होती. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे असतात. अक्षरे जाडीभरडी असतात. काही अर्धी बाहेर गेलेली असतात. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून असे होई.

अशा एका शिवराईची गोष्ट आम्ही आज सांगणार आहोत.

मामा आणि भाचा

आमच्या गावातले एक शेतकरी. भात विकून चार पैसे हाती आले होते. कामासाठी ते मुंबईस गेले. तेथे फोर्टात रस्त्याच्या कडेला एकजण जुनी नाणी मांडून बसला होता. त्यांत एक शिवराई होती. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे त्यांना स्वतःला वाचता आली. वर्षभरापूर्वी त्यांना वाचता येत नव्हते! त्यांना फार आनंद झाला. विकणाऱ्याने साडेतीनशे रुपये सांगितले. त्यांनी घासाघीस न करता दिले.

पुढच्या महिन्यात त्यांचा भाचा घरी आला. तो कल्याणला नोकरीस. तो नाणे पाहून म्हणाला,

“मामा, तुम्ही फसलात. नाण्यांच्या प्रदर्शनात अशीच शिवराई मी दोनशेला पाहिली.”

“नाणं खोटं आहे का रे?”

“नाही, नाणं खरंच आहे. पण दीडशे रुपये जास्त गेले ना!”

“गेले खरे. पुढच्या खेपेला चार ठिकाणी विचारीन. पण तुझ्या मामीला विचार, रोज रात्री आम्ही हे काढून बघतो. पोरं अक्षरं लावतात. हे नाणं कोणाकोणाच्या हातातून आलं असेल, काय काय घेतलं असेल ह्याच्यावर, असं बोलत बसतो. दीडशे गेले म्हणून हे नाणं मी परत देईन का? नाही देणार.”

भाचा हसला. मग तोही अक्षरे लावीत बसला.

कोण बरोबर?

आमच्या मते दोघेही बरोबर. भाचा किमतीचे बोलत होता. मामा मोलाचे बोलत होते. किंमत बाजार ठरवतो. मोल आपण ठरवतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एक नाहीत.

हिशेब करून पाहा. दीडशे रुपये जास्त गेले. वर्षाचे महिने बारा. म्हणजे पहिल्या वर्षाला महिन्याला साडेबारा रुपये. तेवढ्यात चहाचा एक कपही नीट येत नाही. घरातल्या पाच माणसांना वर्षभर आनंद मिळाला, तर तो खर्च वाया गेला असे म्हणवत नाही. तमाशाचे तिकीट आपण परत विकतो का? नाही. आवडीचा खर्च हा खर्च असतो. तो व्यापार नव्हे.

पण दोन अटी आहेत. एक, वस्तू खरी हवी. दोन, पैसा आवडीचा हवा. बियाण्याचा, औषधाचा किंवा मुलांच्या फीचा नको. कर्जाचा तर मुळीच नको.

नाण्याची किंमत कशी ठरते?

म्हशाच्या यात्रेत बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. नाण्याचेही तसेच आहे. त्यात चार गोष्टी पाहतात.

पहिली गोष्ट, ते किती सापडते. जुने म्हणजे महाग, असे नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे तेरा हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी मिळाली. ती नहपान राजाची. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नाणी सुमारे दोन हजार वर्षांची, पण संख्येने पुष्कळ. उलट १९३९ सालचा रुपया तसा अलीकडचा, पण तो दुर्मीळ आहे.

दुसरी गोष्ट, ते किती झिजले आहे. अक्षरे स्वच्छ, तर भाव जास्त.

तिसरी गोष्ट, धातू. राणी छाप आणि राजा छाप रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंतच्या रुपयात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली. म्हणून मोडीत घालण्याआधी रुपयावरचे साल वाचा. साल वाचता येणे म्हणजे पैसे वाचवणे.

चौथी गोष्ट, घेणारे किती आहेत. घेणारा नसेल तर दुर्मीळ नाणेही पडून राहते.

दोन सूचना

जुने नाणे चिंचेने, राखेने घासू नका. भांडे घासले की छान दिसते. नाणे घासले की त्याची किंमत उतरते. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला काळपट रंग हीच त्याच्या जुनेपणाची खूण असते.

आजीच्या माळेतल्या रुपयांना कडी डागलेली असते. संग्रह करणारे असे नाणे कमी भावाने घेतात. त्यांच्या दृष्टीने ते बिघडले. पण ज्या सुनेच्या गळ्यात ती माळ आली, तिच्या दृष्टीने कडीमुळेच ते नाणे घरचे झाले. आपल्याकडची पुतळ्यांची माळ घ्या. परदेशातल्या व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे आपल्याकडे व्यापारातून आले. त्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपण त्याला पुतळी म्हणू लागलो. नाण्याचा दागिना झाला. बाजार एक मोल करतो, घर दुसरे करते.

खरी फसवणूक कोणती?

दीडशे रुपये जास्त जाणे ही खरी फसवणूक नव्हे. खरी फसवणूक पुढे सांगतो. ती नीट वाचा आणि न वाचणाऱ्यांनाही सांगा.

काही लोक राम-सीतेचे किंवा मारुतीचे चित्र असलेले नाणे आणतात. त्यावर ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे इंग्रजीत असते. कंपनीने असे नाणे कधीच पाडलेले नाही. देवाची म्हणून त्याला हात जोडा, पण लाख रुपये देऊ नका. हे नाणे तांदूळ ओढते, त्यात दैवी शक्ती आहे, असेही सांगतात. हे सर्व खोटे. ह्या लोभापायी कित्येकांनी जमीन गहाण टाकली आहे.

दुसरा प्रकार फोनवरचा. “तुमच्या जुन्या पाच रुपयांच्या नाण्याचे दहा लाख देतो. आधी कर भरा, कमिशन भरा.” असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितले आहे, की बँक असा व्यवहार करीत नाही आणि त्यासाठी कोणाला पैसे घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. पैसे देणारा आधी पैसे मागत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

आणखी एक. नांगरताना हंडा किंवा नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे ती बाब कलेक्टरला कळवावी लागते. गुपचूप विकली तर गुन्हा होतो.

फुकटातला आनंद

नाणी पाहायला ती विकतच घ्यावी लागतात असे नाही. कसारा घाट चढून नाशिकला गेलात, तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी येथे नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तेथे नाण्यांचे संग्रहालय आहे. मुरबाडहून वैशाखऱ्याला जा आणि नाणेघाट चढा. तेथील गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. यज्ञात किती गाई आणि किती कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दान दिली ते आकड्यांत लिहिले आहे. आपल्याच डोंगरात एवढा जुना हिशेब आहे!

तेव्हा मंडळी, चार ठिकाणी विचारा, मग घ्या. घेतल्यावर थोडे जास्त गेले असे कळले, तर पुढच्या वेळेस शहाणे व्हा. पण हातातल्या खऱ्या नाण्यावर रुसू नका.

प्रश्न

१. शिवराईवर कोणती अक्षरे असतात? ती लिहून दाखवा.
२. मामा आणि भाचा ह्यांत तुम्हाला कोणाचे पटले? का?
३. नाणे का घासू नये?
४. घरातली पाच नाणी घ्या. त्यांवरील साले मोठ्याने वाचा. सर्वांत जुने कोणते?