कॅमेऱ्याने पाहिले, पण नोंदले का?

नवरात्रात तुळजापूरला गेला असाल, तर महाद्वाराकडे जाणाऱ्या गल्ल्यांतील गर्दी तुम्हांला सांगायला नको. पुजाऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या येणारे यजमान मुक्कामाला उतरतात. ओसरीवर पिशव्या, वळकट्या, परड्या यांचा ढीग पडतो आणि घराचे दार दिवसभर उघडेच असते. अशा कितीतरी घरांच्या दारावर आता एक छोटा कॅमेरा दिसतो. त्याची तार आतल्या खोलीत एका चपट्या पेटीपर्यंत गेलेली असते. ही पेटी म्हणजे रेकॉर्डर. दुकानदार तिला डीव्हीआर म्हणतात.

आता असे समजा, की त्या गल्लीत तुमचेच घर आहे. घटस्थापनेच्या दिवशी तुमच्याकडे उतरलेल्या एका आजींची पिशवी ओसरीवरून नाहीशी झाली. आजी गावी परतल्या. त्या कोजागरीच्या यात्रेला पुन्हा आल्या, तेव्हा पिशवीचा विषय निघाला आणि बोलता बोलता संशय पाणी भरायला येणाऱ्या मुलावर गेला. तुम्ही म्हणालात, "थांबा, कॅमेरा आहे ना! बघू या." टीव्हीवर चार कॅमेऱ्यांची चार चित्रे स्वच्छ दिसत होती. पण घटस्थापनेची तारीख शोधली, तर तेथे काहीच नाही!

हे कसे झाले? तीन शक्यता आहेत. नोंद झालीच नसेल, झाली असेल पण भलत्या तारखेखाली गेली असेल, किंवा झाली असेल आणि पुसली गेली असेल. त्या मुलाच्या दृष्टीने तिन्ही सारख्याच वाईट. पण तिन्हींची कारणे निरनिराळी आहेत आणि उपायही निरनिराळे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पडद्यावर चित्र दिसते म्हणजे ते साठवले जाते, असे नाही. कॅमेऱ्याकडून आलेले चित्र पेटीत शिरले, की त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट थेट पडद्याकडे जाते. दुसरीवर चित्राचे अंकांत रूपांतर होऊन ते दाबून लहान केले जाते आणि हार्ड डिस्कवर लिहिले जाते. दुसरी वाट बंद पडली तरी पहिली चालूच राहते. पाहणे आणि नोंदणे ही कामे इतिहासातही वेगवेगळीच जन्मली. १९४२ साली जर्मनीत रॉकेटचे उड्डाण दुरून पाहण्यासाठी बंद वर्तुळाचा टेलिव्हिजन वापरला गेला. चित्र फितीवर उतरवणारे व्यवहारोपयोगी यंत्र मात्र १९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने दाखवले. त्याची फीत दोन इंच रुंद होती आणि यंत्र कपाटाएवढे होते. घराच्या दारावर कॅमेरा बसवण्याची कल्पना न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेची. दाराला चार भोके, त्यांवरून वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आतल्या खोलीत टेलिव्हिजन, अशा तिच्या योजनेला १९६९ साली पेटंट मिळाले.

आता पहिली शक्यता घेऊ. नोंद झालीच नसेल, तर दोष बहुधा हार्ड डिस्कमध्ये असतो. या डब्यात चकचकीत तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि लिहिणारे टोक तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगत असते. रात्रंदिवस लिहीत राहणारी ही वस्तू उष्णतेने आणि अवेळी वीज जाण्याने झिजते. म्हणून रेकॉर्डर बंद कपाटात, गाद्यांच्या चवडीखाली ठेवू नये आणि त्याच्यासाठी लहानसा यूपीएस जरूर घ्यावा. डिस्क बिघडली, की बहुतेक यंत्रे पीं-पीं असा आवाज करतात. आणि आपण काय करतो? रात्री झोप मोडते म्हणून मेनूत जाऊन तो आवाजच बंद करतो! आवाज आला तर आधी मेनूत डिस्कची क्षमता पाहा. तेथे शून्य दिसले किंवा डिस्कचे नावच नसले, तर तंत्रज्ञाला बोलवा. यंत्र 'फॉरमॅट करू का?' असे विचारील. जुनी नोंद हवी असेल, तर त्याला 'हो' मुळीच म्हणू नका. त्या एका होकाराने सगळी पाटी पुसली जाते.

कधी दोष डिस्कमध्ये नसून तिच्याही आधी, तारेत असतो. एक मजेदार बिघाड सांगतो. कॅमेरा दिवसभर उत्तम चालतो, पण अंधार पडला की चित्र जाते. सकाळी आपोआप परत येते. पुष्कळजण कॅमेराच बदलतात आणि नवा कॅमेराही तसाच वागतो. ओहमचा नियम तुम्ही शिकला आहात ना? तोच येथे लावून पाहा.

कॅमेऱ्याला १२ व्होल्ट लागतात. अंधारात पाहण्यासाठी त्याच्या काचेभोवती अवरक्त किरणांचे दिवे असतात आणि ते अंधार पडल्यावरच लागतात. समजा, दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर प्रवाह घेतो आणि रात्री दिवे लागल्यावर ०.५ अँपिअर. अॅडाप्टर आतल्या खोलीत आणि कॅमेरा ३० मीटरवर दारावर आहे. प्रवाहाला जाऊन परत यायचे असते, म्हणजे तारेची लांबी ६० मीटर धरावी लागेल. तार तांब्याची, पण बारीक, ०.२ चौरस मिलिमीटर छेदाची असेल, तर तिचा रोध सुमारे ५ ओहम भरतो. आता गुणाकार करा. दिवसा घट ०.२ × ५ = १ व्होल्ट. कॅमेऱ्याला ११ व्होल्ट मिळतात आणि तो कुरकुर न करता चालतो. रात्री घट ०.५ × ५ = २.५ व्होल्ट. उरले साडेनऊ. तेवढ्यावर पुष्कळ कॅमेरे मान टाकतात. म्हणजे दोषी कॅमेरा नव्हे, बारीक तार. जाड तार घाला, नाहीतर अॅडाप्टर कॅमेऱ्याजवळ आणा.

हे पडताळून पाहायला रात्रीची वाट पाहण्याची गरज नाही. वडीलधाऱ्या माणसाला शिडी धरायला सांगा आणि भर दुपारी कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळे कापड घट्ट धरा. त्याला रात्र झाली असे वाटून दिवे लागतील. पडदा नुसता पांढुरका झाला, तर वीज पुरते आहे. 'व्हिडिओ लॉस' अशी अक्षरे आली, तर तारेचे गणित चुकले आहे. प्रयोग १२ व्होल्टच्या बाजूलाच करायचा. २३० व्होल्टच्या बाजूला हात लावायचा नाही.

चारांपैकी एकच चित्र येत नसेल, तर अदलाबदलीची युक्ती करा. रेकॉर्डरच्या मागे पहिल्या आणि तिसऱ्या कॅमेऱ्याच्या तारा एकमेकींच्या जागी लावा. काळा चौकोन तारेबरोबर सरकला, तर दोष कॅमेऱ्यात किंवा तारेत. जागचा हलला नाही, तर दोष रेकॉर्डरच्या त्या खाचेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची; दोन बदलल्या, की कोणती कारण होती ते कळत नाही. रात्री चित्रभर धुके दिसत असेल, तर मात्र यातले काही करू नका. आधी कोळ्याचे जाळे झाडा.

दुसरी शक्यता भलत्या तारखेची. रेकॉर्डर नोंदी तारीख-वेळेच्या कप्प्यांत ठेवतो. त्याच्या आत क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या ओळखीची वाटते? २ ला २ ने गुणत गेलात, तर २ चा पंधरावा घात तो हाच. म्हणजे १५ वेळा निम्मे केले, की सेकंदाला एक ठोका मिळतो. अशा स्फटिकात दहा लाखांत २० इतकी चूक सहज असते. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले, तर रोज १.७ सेकंद, महिन्याला ५० सेकंदांच्या वर आणि वर्षाला दहा मिनिटे! वीज गेल्यावर हे घड्याळ रुपयाच्या नाण्यासारख्या एका ३ व्होल्टच्या सेलवर चालते. सेल संपला, की वीज आल्यावर यंत्र जुन्याच कुठल्यातरी वर्षात जागे होते आणि मुकाट्याने तेथे नोंदी ठेवू लागते. म्हणून नोंद हरवली असे वाटले, तर भलतीसलती वर्षेही उघडून पाहा. घड्याळ नेमके अडीच तास पुढे असेल, तर सेलला दोष देऊ नका. यंत्र चीनच्या वेळेवर राहिले आहे. चीनची वेळ जागतिक वेळेच्या ८ तास पुढे आणि आपली साडेपाच.

वेळेला इतके महत्त्व का, हे आपल्या मराठवाड्यातल्याच एका खटल्यावरून दिसेल. जालना विधानसभा मतदारसंघात २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजता उमेदवारी अर्जांची मुदत संपत होती. अर्ज ३ च्या आत आला की नंतर, यावर वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रण पुराव्यात आले. 'खोतकर विरुद्ध गोरंट्याल' या नावाने ओळखला जाणारा हा खटला औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्र न आणता नुसती प्रत दाखवायची असेल, तर तिच्यासोबत कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र हवे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात तर 'डीव्हीआर' हा शब्दच छापलेला आहे. तेव्हा पोलिसांत जाण्यासारखे काही घडले, तर पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून भागत नाही. पेन ड्राइव्हवर प्रत घ्या आणि मूळ डिस्क जपून ठेवा.

तिसरी शक्यता पुसले जाण्याची, आणि आजींच्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे. डिस्क भरली, की यंत्र सर्वांत जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी लिहिते. किती दिवसांनी? एका कॅमेऱ्याचे चित्र सेकंदाला २ मेगाबिट जागा घेते असे धरा. चार कॅमेऱ्यांचे ८ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला १ मेगाबाइट. दिवसाला ८६,४०० मेगाबाइट, म्हणजे ८६.४ गिगाबाइट. १ टेराबाइटच्या डिस्कमध्ये १,००० गिगाबाइट मावतात. भागाकार करा: साडेअकरा दिवस! घटस्थापनेची नोंद द्वादशीच्या सुमारास पुसली गेली. आजी आल्या पौर्णिमेला.

दुकानदार सांगेल, "हालचाल झाली तरच नोंद करा, म्हणजे महिनाभर पुरेल." एरवीच्या दिवसांत हे खरे आहे. पण नवरात्रात त्या गल्लीत हालचाल कधी थांबते? पहाटेपासून रात्रीपर्यंत माणसांची रांगच असते. शिवाय चित्र दाबून लहान करणारी एच.२६४ किंवा एच.२६५ ही पद्धत न बदललेला भाग पुन्हा लिहीत नाही. ओसरी रिकामी असली की तिची खूप बचत होते, गर्दी असली की थोडी. म्हणजे नोंद जेव्हा सर्वांत जास्त हवी, तेव्हाच डिस्क सर्वांत लवकर भरते. माझ्या मते हिशेब गर्दीच्या दिवसाचाच करावा.

म्हणून विकत घेताना पेटीवरचे मोठे आकडे पाहून भुलू नका. आधी किती दिवस मागे पाहायचे आहे ते ठरवा आणि त्यावरून डिस्क निवडा. आपल्या उदाहरणात २ टेराबाइट म्हणजे सुमारे २३ दिवस. डिस्क सतत नोंदीसाठी बनवलेली घ्या. संगणकातून काढलेली जुनी नको. चार कॅमेरे असतील, तर आठ जागांचा रेकॉर्डर घेणे शहाणपणाचे, कारण पाचवा कॅमेरा आज ना उद्या येतोच. जुनी गोल तार घरात असेल तर डीव्हीआर, नवे जाळे टाकायचे असेल तर नेटवर्कच्या तारेवर चालणारा एनव्हीआर. एवढाच त्यातला व्यवहारी फरक. मिळालेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आणि कॅमेऱ्याचे तोंड दार, ओसरी, गल्ली यांकडे असावे. यजमानांच्या झोपायच्या खोलीकडे किंवा न्हाणीकडे ते चुकूनही असू नये.

दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, समजा पौर्णिमेला, तीन गोष्टी करा. यंत्राचे घड्याळ मोबाइलशी ताडा, कालची दुपारची पाच मिनिटे उघडून पाहा, आणि सर्वांत जुनी नोंद कोणत्या तारखेची आहे ते वहीत लिहा. आणि काही हरवल्याचे कळले, तर आधी त्या वेळेची प्रत काढा, भांडण मागाहून. तोवर जाणारा प्रत्येक तास जुना एक तास पुसत असतो.

आता हे गणित तुम्ही सोडवा. तीन कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला ४ मेगाबिट, डिस्क २ टेराबाइट. घटस्थापनेच्या सकाळची नोंद कोजागरीच्या संध्याकाळी सापडेल का? आणि आजी आणखी दोन दिवसांनी आल्या तर?

(उत्तर : दिवसाला १२९.६ गिगाबाइट, डिस्क सुमारे साडेपंधरा दिवस पुरेल. कोजागरीला सापडेल, दोन दिवसांनी नाही.)