नायट्रसचे पेट्रोल कुठे आहे?

या सुट्टीत मी एका जुन्या जीपचे इंजिन बदलले. वहीत! 300 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, वर नायट्रसची आणखी 100.

एका अश्वशक्तीला ताशी साधारण 227 ग्रॅम पेट्रोल लागते. 300 ला 68 किलो, म्हणजे सुमारे 91 लिटर. मी ताशी 130 लिटरचा पंप निवडला आणि खूश झालो.

बाबा ईएमईमध्ये आहेत. वही पाहून म्हणाले, "नायट्रसचं पेट्रोल कुठाय?"

मला नायट्रस हेच इंधन वाटत होते. तसे नाही. नायट्रस ऑक्साइड तापले की फुटते आणि ऑक्सिजन सुटतो. वजनाने त्यात 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत 23. त्याच्या जोडीला पेट्रोल कमी पडले तर इंजिन ठोकू लागते, भलतेच तापते आणि पिस्टनला भोक पडते.

400 ला 121 लिटर. "मग 130 पुरेल की!"

"किती दाबाला?"

ते मी पाहिलेच नव्हते. दाब वाढला की पंप कमी पेट्रोल देतो. आता 20 टक्के राखीव धरून, इंजिनाला लागणाऱ्या दाबाला 145 लिटर देणारा पंप लिहिला आहे. पेट्रोलचा दाब घसरताच नायट्रस बंद करणारा स्विचही आहे. तो बाबांनी माझ्याकडून सगळ्यात आधी काढून घेतला.