विमान ओळखा : निरीक्षणाचा एक पाठ

विमानाचा आवाज आला की वर्गातल्या सगळ्या माना खिडकीकडे वळतात. मुलांना रागावण्यापेक्षा या कुतूहलाचाच पाठ करता येतो. लष्करी विमानं पाहून ओळखणं, त्यांच्या नोंदी ठेवणं हा जगभरातला छंद आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तेच गरजेचं काम होतं. नुसत्या आकृतीवरून विमान आपलं की शत्रूचं, ते स्वयंसेवक सांगत.

आपल्या कल्याणजवळ नेवाळीला त्याच महायुद्धातली धावपट्टी आहे. ती शेतकऱ्यांच्या जमिनीवर झाली. जमीन परत मिळावी म्हणून जून २०१७ मध्ये तिथे मोठं आंदोलन झालं. विमानांविषयी शिकवताना मुलांना हेही सांगायला हवं.

मग ओळखायचं कसं? पंख, शेपटी आणि इंजिनं पाहा. तेजसचे पंख त्रिकोणी, मागे आडवी शेपटी नाही, इंजिन एकच. सुखोई-३० ला उभ्या शेपट्या दोन, इंजिनं दोन आणि मुख्य पंखांच्या पुढे छोटे पंख. सुखोईची बांधणी आपल्याच नाशिकजवळ, ओझरला झाली.

पालकांनो, मर्यादाही समजावून सांगा. २००१ मध्ये ग्रीसमध्ये हवाई तळांवर नोंदी घेणाऱ्या ब्रिटिश आणि डच हौशी मंडळींना हेरगिरीच्या आरोपावरून अटक झाली. अपिलात ते सुटले, पण वर्षभराने! आपल्याकडेही लष्करी तळाचे फोटो काढणं गुन्हा ठरू शकतो. म्हणून मुलांच्या हाती मोबाईल नको, वही-पेन्सिल द्या. २६ जानेवारीचं संचलन टीव्हीवर पाहताना विमानांच्या आकृत्या काढायला सांगा. नावं नंतर पडताळा. आधी नीट पाहायचं, मग बोलायचं, ही सवय विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडेल.