तवंग दिसला की...

पोरांनो, समुद्रावर तेल दिसलं की आधी वारा बघा. तवंग पाण्याच्या ओढीबरोबर तर जातोच, वर वाऱ्याच्या वेगाच्या तीनेक टक्क्यांनी वारा नेईल तिकडे सरकतो. ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर त्याच्या जोरावर तासाला जेमतेम एक किलोमीटर. म्हणजे थोडा वेळ हातात असतो. १५५४ लावा, तटरक्षक दलाचा नंबर आहे. जागा, वेळ आणि रंग सांगा. रुपेरी किंवा इंद्रधनुषी दिसलं तर थर पातळ. काळं-तपकिरी असेल तर जाड. होडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा, विडी विझवा आणि जाळी उचला. तेल लागलेलं जाळं सहसा पुन्हा कामाचं राहत नाही.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले. नारळी पुनवेच्या तोंडावर मासळीला गिऱ्हाईक फिरकेना. त्या वेळी सगळ्यात जास्त हाल तिवरांचे झाले. म्हणून सांगतो, तिवरात फावडी घेऊन घुसू नका. पाय पडला की तेल चिखलात खोल जातं, आणि वर आलेली श्वासमुळं मोडतात ती वेगळीच. तेल खाडीत शिरायच्या आधीच तोंडाशी बूम, म्हणजे तरंगता अडसर, लावायचा, तोसुद्धा तिरका. आडवा लावला आणि पाण्याला पाऊण नॉटाची ओढ असली, की तेल खालून निसटतं.

साबण, डिटर्जंट ओतायचा मोह तर अजिबात नको. वरून पाणी स्वच्छ दिसतं, पण तेल खाली कोळंबीच्या पिल्लांपर्यंत पोचतं. उथळ खाडीत तेल फोडणारी औषधंही फवारायची नसतात. कुठे आणि केव्हा फवारायचं, ते तटरक्षक दलाला ठरवू द्या.

किनाऱ्याला भरती यायच्या आधी प्लास्टिक, ओंडके, फाटकी जाळी उचलून टाका. तेल लागलं की हाच कचरा घातक होतो आणि त्याची विल्हेवाट सोपी राहत नाही. हे काम कुणी मनावर घेत नाही, आणि मला तर तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. तेल किनाऱ्याला लागल्यावर वाळूचा वरचा थर तेवढा खरवडून गोण्यांत भरा. खड्ड्यात पुरू नका, पुढच्या उधाणात तेल परत वर येतं. गोण्या भरतीच्या रेषेच्या वर, ताडपत्रीवर ठेवा. तेलात पाणी मिसळलं की त्याचा गोळा तिप्पट-चौपट फुगतो, तेव्हा गोण्या जास्तीच्या आणा. हातमोज्यांशिवाय पोरासोरांना जवळ फिरकू देऊ नका. अंगाला लागलं तर रॉकेल नको. खोबरेल चोळा, मग साबण.

आणि कागद सांभाळा. तेल लागलेल्या जाळ्यांचे फोटो, सोसायटीच्या डिझेलच्या पावत्या, मागच्या हंगामाची विक्री, तलाठ्याचा पंचनामा. जाळी धुऊन टाकण्याआधी पंचनामा करून घ्या. भरपाई मागायला गेल्यावर तोंडी हिशेब कुणी ऐकत नाही.