पाळीव पक्षी : लव्हबर्ड
(परिसर अभ्यास – इयत्ता ४ थी व ५ वी यांस पूरक पाठ)

हेतू : पक्ष्याचा स्वभाव निरीक्षणाने ओळखणे व त्यावरून निगेचे नियम मुलांनी स्वतः काढणे.

ओळख : आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून पाळले जाणारे पुष्कळसे पक्षी वस्तुतः बजरीगर असतात. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियातील; त्याची शेपटी लांब व निमुळती असते. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतील. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, शेपटी आखूड व बोथट. दोघेही पोपटांच्याच वर्गातील होत. मुलांनी प्रथम शेपटी पाहून चित्र काढावे.

स्वभाव : जोडीतील पक्षी एकमेकांस बिलगून बसतात व चोचीने परस्परांची पिसे साफ करतात, त्यावरून हे नाव पडले. परंतु नावावरून त्यास गरीब समजू नये. आपल्या जागेत परका पक्षी आल्यास तो कडकडून चावतो. म्हणून त्याच्या पिंजऱ्यात बजरीगर ठेवू नयेत. एकटा व दुर्लक्षित राहिल्यास तो कधी कधी स्वतःचीच पिसे उपटतो.

निगा : पंख पसरता येतील एवढा पिंजरा असावा. बाजरी, राळे व धुतलेली पालेभाजी द्यावी. पाणी रोज बदलावे. पक्ष्यांची फुप्फुसे नाजूक असल्याने चुलीचा धूर व फोडणीचा ठसका त्यांस बाधतो. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. तेव्हा पिंजरा पत्र्याखाली टांगू नये. पिसे फुगवून दिवसभर निपचित बसणारा पक्षी आजारी समजावा व पशुवैद्यास दाखवावा. पिंजरा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

शिक्षकांस सूचना : "मग पक्ष्याला सोडून का देऊ नये?" असे एखादे मूल विचारील. त्याच्या दयाबुद्धीचे कौतुक करून सांगावे, की पिंजऱ्यातच जन्मलेल्या या परदेशी पक्ष्यास अन्न शोधणे व शत्रू ओळखणे साधत नाही. सोडल्यास तो बहुधा मरतो. आपल्या रानातील राघूची गोष्ट निराळी. त्याची पिल्ले ढोलीतून काढणे व पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. मुलाने असे पिल्लू आणल्यास त्यास न रागावता वन कर्मचाऱ्यांस कळवावे.

गृहपाठ : गावातील एका ढोलीचे दुरून आठ दिवस निरीक्षण करा. कोणते पक्षी येतात, केव्हा येतात व चोचीत काय आणतात, ते वहीत लिहा.